पद आणि पेढी : प्रस्तावना

ज्या हाताने सार्वजनिक खर्चाला मंजुरी द्यावयाची, त्याच हाताने त्या खर्चातून होणाऱ्या कामाचा मक्ता घ्यावा काय. आणि तो हात मागे राहून पुतण्याचा, मेहुण्याचा, भागीदाराचा किंवा ज्या संस्थेचे अध्यक्षपद आपल्याकडे आहे त्या संस्थेचा हात पुढे झाला, तर त्या व्यवहाराकडे कायद्याने, अधिकाऱ्यांनी आणि मतदारांनी कोणत्या दृष्टीने पाहावे, हा या ग्रंथाचा विषय आहे. लोकनियुक्त पदाधिकाऱ्यांच्या खासगी व्यवसायांवर मर्यादा घालण्याचे प्रयत्न जगात निदान अडीचशे वर्षे चालू आहेत. परंतु मराठीत त्यांची चर्चा होते ती प्रायः एखादे प्रकरण गाजले म्हणजे, आणि तीही आरोप व प्रत्यारोप यांच्या गदारोळात. प्रकरण थंडावले की चर्चाही थंडावते, आणि मूळचा प्रश्न, म्हणजे पद आणि पेढी यांमध्ये भिंत कोठे घालावी व ती किती उंच असावी हा, जेथल्या तेथे राहतो.

हा ग्रंथ आटपाडीस बसून लिहिला गेला, यास केवळ लेखकाचे वास्तव्य हे कारण नाही. माणदेशाचा हा तालुका पावसाने टाकलेला. येथील शेकडो कुटुंबे सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी भारतभर पांगलेली, मागे राहिलेली शेळ्यामेंढ्यांवर, खिलार जनावरांवर आणि अलीकडच्या काळात डाळिंबाच्या बागांवर निर्वाह करणारी. अशा मुलखात सरकारी पैसा हा पावसासारखाच जीवनाधार असतो. तलावाची दुरुस्ती, टँकर, चारा छावणी, रोजगार हमीचा रस्ता, पाणीपुरवठ्याची नळयोजना, उपसा सिंचनाचा कालवा, यांतून जो पैसा वाहतो त्याच्या तोंडाशी कोण उभे आहे, याला येथे जितके महत्त्व आहे तितके बारमाही बागायतीच्या गावात नसते. शिवाय याच मातीत लोकनियुक्त सत्तेचा एक असामान्य प्रयोग स्वातंत्र्यापूर्वीच होऊन गेला असल्यामुळे प्रश्नाचा इतिहासही आम्हांला दूर शोधावा लागत नाही.

त्या इतिहासाचा आरंभ मात्र पदापासून नव्हे, वतनापासून करावा लागतो. पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे ही अधिकाराची स्थाने होती आणि त्याच वेळी ती वंशपरंपरेची मालमत्ताही होती. वतन गहाण पडे, त्याची वाटणी होई, ते विकलेही जाई. अधिकार आणि उत्पन्न यांची ही एकरूपता तत्कालीन समाजाला विपरीत वाटत नसे, कारण वतनदाराचा हक्क सर्वांना ठाऊक असे व तो दप्तरात लिहिलेला असे. मात्र याच व्यवस्थेच्या तळाशी ज्यांच्या वाट्याला हक्कापेक्षा राबणूक अधिक आली त्यांचे दुःख काय होते, हे आटपाडीतच जन्मलेल्या शंकरराव खरातांच्या ‘तराळ-अंतराळ’ने मराठी वाचकाला दाखविले आहे. उत्तर पेशवाईत, विशेषतः दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दीत, महालांचा वसूल मक्त्याने देण्याची पद्धत बळावली, आणि जो अधिक बोली करील तो मामलेदार, अशी अवस्था आली. रयतेवरील तिचे परिणाम एल्फिन्स्टनने १८१९ च्या आपल्या अहवालात नोंदविले आहेत. वतनात निदान पिढीजात लौकिकाचा धाक होता. मक्त्यात तोही उरला नाही. १९५० साली परगणा व कुलकर्णी वतने, १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने आणि १९६२ च्या कायद्याने महसुली पाटीलकी नष्ट झाली, तेव्हा महाराष्ट्राने पद ही मालमत्ता नव्हे हे तत्त्व कायद्याच्या पुस्तकात तरी पूर्णपणे स्वीकारले.

इंग्रजांनी हे तत्त्व येथे आणले ते स्वतःच्या नोकरांच्या लुटीने पोळल्यावर. ईस्ट इंडिया कंपनीचे नोकर अल्प पगारावर येत आणि खासगी व्यापारावर गबर होऊन परत जात. १७७३ च्या नियामक कायद्याने गव्हर्नर जनरल, त्याचे कौन्सिल व न्यायाधीश यांना व्यापार व नजराणे वर्ज्य केले. पुढे कॉर्नवॉलिसने पगार वाढवून खासगी व्यापाराची बंदी खालपर्यंत पोचविली. बंदी आणि पगारवाढ या दोन गोष्टी त्याने एकत्र आणल्या, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे, कारण आपण पुढे त्यांतील पहिली उचलली आणि दुसरी, निदान गावपातळीवर, विसरलो. खुद्द इंग्लंडात १७८२ च्या क्लर्क यांच्या कायद्याने सरकारी मक्तेदारांना हाउस ऑफ कॉमन्सची दारे बंद केली आणि १८३५ च्या नगरपालिका कायद्याने, नगरपालिकेच्या कंत्राटात ज्याचा हिस्सा वा हितसंबंध आहे त्यास नगरसेवक होण्यास अपात्र ठरविले. तेच कलम थोड्याफार फरकाने १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्यात आले, तेथून पुढील स्थानिक स्वराज्याच्या कायद्यांत उतरले, आणि आज आटपाडी तालुक्यातील कोणत्याही ग्रामपंचायतीच्या सदस्याला लागू असलेले १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमातील कलम १४(१)(ग) हे त्याच वंशातले आहे.

परंतु या परक्या परंपरेच्या जोडीला आमच्याकडे एक घरची परंपरा होती. आटपाडी, कुंडल, औंध आणि विजापूरकडील गुणदाळ अशा विखुरलेल्या तुकड्यांचे व अवघ्या बहात्तर गावांचे औंध संस्थान. त्याचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपले चिरंजीव आप्पासाहेब, पोलंडहून आलेले मॉरिस फ्रीडमन आणि स्वतः गांधीजी यांच्या विचारविनिमयातून जानेवारी १९३९ मध्ये सत्ता प्रजेच्या हवाली करणारी घटना जाहीर केली. गावाने पाच पंच निवडावे, गावोगावच्या पंचायतींतून तालुक्याचे मंडळ व्हावे, आणि तालुक्यांतून विधिमंडळ उभे राहावे, अशी ती रचना होती. आटपाडीजवळची स्वतंत्रपूरची कैद्यांची मुक्त वसाहत याच काळातली, आणि तिचा लौकिक पुढे तिच्यावर बेतलेल्या चित्रपटामुळे सर्वदूर झाला. पण माझ्या मते त्याहून मोठी गोष्ट ही होती, की राजाने स्वतःच्या खासगी खर्चावर मर्यादा घालून घेतली. सत्ता ज्याच्याकडे आहे त्याने आधी स्वतःला बांधून घ्यावे आणि मग इतरांकडून संयमाची अपेक्षा करावी, हा विश्वस्तवृत्तीचा क्रम येथे एका लहानशा राज्यात आचरला गेला. इंदिरा रोदरमुंड यांनी या प्रयोगाचा अभ्यास ग्रंथरूपाने केला आहे. मार्च १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले, आटपाडी दक्षिण सातारा जिल्ह्यात गेली, तो जिल्हा १९६० मध्ये सांगली झाला, १९६५ मध्ये आटपाडी स्वतंत्र तालुका झाला. प्रयोग मात्र विलीनीकरणातच संपला, आणि त्याचा संस्थात्मक वारसा पुढच्या कोणत्याही कायद्याने घेतला नाही.

स्वतंत्र भारताच्या संसदेपुढे हा प्रश्न आला तो फार लवकर, आणि तो मुंबईतून आला. हंगामी संसदेचे सदस्य हुच्चेश्वर मुद्गल यांनी मुंबईच्या सराफ बाजारातील बुलियन असोसिएशनकडून पैसे घेऊन संसदेत तिची बाजू मांडण्याचा व्यवहार केला, असा ठपका १९५१ च्या चौकशी समितीने ठेवला. जवाहरलाल नेहरूंनी त्यांच्या निष्कासनाचा ठराव मांडला, आणि मुद्गलांनी त्याआधीच राजीनामा दिला तेव्हा तो राजीनामाही सभागृहाच्या अवमानात भर घालणारा आहे, असे सभागृहाने म्हटले. अशा कठोर आरंभानंतर कायदा कठोर होत गेला असेल, असे वाचकास वाटेल. घडले ते उलट. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात, उमेदवाराने स्वतः किंवा त्याच्यासाठी, त्याच्या हितासाठी वा त्याच्या वतीने दुसऱ्या कोणी सरकारी कंत्राटात हिस्सा वा हितसंबंध ठेवला असेल तर तो अपात्र, अशी व्यापक भाषा होती. १९५८ च्या दुरुस्तीने ती आकसली, आणि १९६६ पासून जे कलम ९-अ आहे, त्यात केवळ आपल्या व्यापारधंद्याच्या ओघात त्याने स्वतः सरकारशी केलेले, मालाच्या पुरवठ्याचे किंवा कामाच्या पूर्तीचे कंत्राट चालू असणे एवढेच उरले. त्याच कायद्याच्या कलम १० मध्ये, ज्या कंपनीत सरकारचे पंचवीस टक्के वा अधिक भांडवल आहे तिचा व्यवस्थापक वा सचिव अपात्र ठरतो. परंतु कंसात एक अपवाद आहे : सहकारी संस्थेखेरीज.

हा अपवाद महाराष्ट्रात, आणि त्यातही सांगली-सातारा भागात, जितका अर्थपूर्ण आहे तितका अन्यत्र क्वचितच असेल. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखान्याचा जो पाया घातला, त्यावर सांगलीत वसंतदादा पाटील, वाळव्यात राजारामबापू पाटील, आणि पाठोपाठ जवळजवळ प्रत्येक तालुक्यात कोणी ना कोणी कारखाना उभा केला. आटपाडीचा माणगंगा कारखानाही त्याच मालिकेतला. कारखान्यापाठोपाठ दूध संघ, सूतगिरणी, बँक, शिक्षणसंस्था, आणि या सर्वांच्या आधाराने निवडणुकीचे राजकारण. गाडगीळांच्या विचारात अध्यक्ष हा हजारो ऊसउत्पादक सभासदांचा विनावेतन विश्वस्त होता, मालक नव्हता. म्हणून त्याच्या अध्यक्षपदाला व्यवसाय म्हणू नये, हे त्या काळी न्याय्यच होते. सरकारने भागभांडवल द्यावे, कर्जास हमी द्यावी, आणि आमदाराने कारखाना चालवावा, यात तेव्हा कोणाला विसंगती दिसली नाही. किंबहुना ज्याला सावकार आणि खासगी गिरणीमालक यांखेरीज तिसरा आश्रय नव्हता त्या शेतकऱ्याला ती मुक्तीची वाट वाटली. पदही आणि कारखानाही, हा योग नेहमीच दूषित असतो असेही नाही : आमदारकी भूषविलेल्या नागनाथअण्णा नायकवडी यांनी वाळव्यास उभारलेला हुतात्मा किसन अहिर कारखाना शेतकऱ्याला चांगला दर देण्याबद्दल प्रसिद्ध झाला, आणि त्याच अण्णांनी १९९३ पासून आटपाडीत दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदा भरवून समन्यायी पाणीवाटपाची मागणी लावून धरली.

परंतु नियम हा सज्जनाच्या भरवशावर लिहावयाचा नसतो. हमी देणारे मंत्रिमंडळ आणि हमी घेणारे संचालक मंडळ यांत तीच माणसे दोन्ही बाजूंस बसू लागली, म्हणजे हमीची छाननी कोणी करावयाची? २०११ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या पुढाकाराने महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेचे संचालक मंडळ बरखास्त होऊन प्रशासक नेमले गेले, तेव्हा हा प्रश्न राज्यापुढे उघड्यावर आला. तत्पूर्वी २००३ मध्ये नागरी सहकारी बँकांनी आपल्या संचालकांना व त्यांच्या नातलगांना कर्जे देण्यास रिझर्व्ह बँकेने मनाई केलीच होती. याचा अर्थ, बँकेच्या संचालकाला जी मर्यादा लागू झाली, ती विधानसभेच्या सदस्याला, तोच माणूस असूनही, त्या नात्याने लागू नाही.

या क्षेत्रातील विचारांचे प्रवाह स्थूलमानाने सांगावयाचे तर पहिला निषेधवादी : ज्या संस्थेचा तू सदस्य त्या संस्थेशी व्यवहार नको, केलास तर पद गेले. आपले ग्रामपंचायत, जिल्हा परिषद व नगरपालिका यांचे कायदे या प्रवाहातले आहेत. दुसरा प्रवाह प्रकटनाचा. व्यवसाय करा, परंतु तो नोंदवहीत लिहा आणि नोंदवही लोकांपुढे ठेवा. ब्रिटिश संसदेने १९७० च्या दशकाच्या मध्यास अशी नोंदवही सुरू केली. आपल्याकडे राज्यसभेने १९९७ मध्ये नीतिमत्ता समिती नेमली, तिचे पहिले अध्यक्ष शंकरराव चव्हाण होते, आणि पुढे सदस्यांच्या हितसंबंधांची नोंद ठेवण्याचा नियम झाला. संचालकपदे, मोबदल्याचे उद्योग, कंपनीवरील नियंत्रक भागधारणा, सल्लागारी व व्यावसायिक काम, या बाबी त्या नोंदीत येतात. तिसरा प्रवाह अलिप्ततेचा, म्हणजे ज्या विषयात आपला पैसा गुंतला आहे त्या विषयाच्या चर्चेत व मतदानात भाग न घेण्याचा. चौथा विलगतेचा, कॅनडासारख्या देशांत मंत्र्याने आपली नियंत्रित मालमत्ता विकावी किंवा जिच्या कारभाराची त्याला माहितीच मिळणार नाही अशा न्यासाकडे सोपवावी, असा दंडक आहे. भारतात भ्रष्टाचार प्रतिबंधाविषयीच्या संथानम समितीच्या काळात, १९६४ मध्ये, मंत्र्यांसाठी जी आचारसंहिता झाली, तीही या बाजूस झुकते : पद घेण्यापूर्वी मंत्र्याने धंद्याच्या व्यवस्थापनाशी संबंध तोडावा, आणि तो धंदा सरकारला माल वा सेवा पुरवीत असेल तर त्यातील मालकीही सोडावी. पण ही संहिता कायदा नव्हे. तिचे पालन करवून घेण्याचे काम पंतप्रधान वा मुख्यमंत्री यांच्याकडे असते. येथे एक तुलना कोणाही तलाठ्याला सुचेल. १९७९ च्या वर्तणूक नियमांनुसार राज्य सरकारच्या नोकराला पूर्वपरवानगीवाचून खासगी धंदा करता येत नाही. ज्यांच्या हुकमाने तो चालतो त्यांच्यावर मात्र तसे बंधन कायद्याने नाही.

पाचवा प्रवाह या सर्वांना विरोध करणारा आहे, आणि त्याची उपेक्षा करणे अप्रामाणिकपणाचे होईल. हा पक्ष म्हणतो की लोकप्रतिनिधी लोकांसारखाच असावा. शेतकरी, दुकानदार, मेंढपाळ, गलाईवाला असा कोणीतरी तो असावा. धंदा नसलेलाच माणूस पदावर पाहिजे म्हटले तर निवृत्तिवेतनधारक, मोठे जमीनदार आणि ज्यांचा राजकारण हाच धंदा आहे असे लोक एवढेच उरतील. ग्रामपंचायत सदस्याला बैठकीचा भत्ता आणि सरपंचाला मानधन मिळते त्यात कुटुंब चालत नाही, हे निर्विवाद आहे. मी या पक्षाच्या निष्कर्षाशी सहमत नाही, पण त्याच्या आधारविधानाशी पूर्ण सहमत आहे. म्हणूनच धंदा करण्याची सरसकट बंदी हा उपाय या ग्रंथाने कोठेही सुचविलेला नाही. सरपंचाने डाळिंब पिकवावे, दुकान चालवावे, ट्रॅक्टर भाड्याने द्यावा. तो ट्रॅक्टर आपल्याच पंचायतीच्या मुरमासाठी लागू नये, एवढाच आग्रह आहे.

आता हे प्रत्यक्षात कसे घडते ते जवळून पाहू. मासिक सभेचे इतिवृत्त घ्या. विषय क्रमांक अमुक : वॉर्डातील बंदिस्त गटाराच्या कामाचे अंतिम देयक मंजूर करणे. खाली ठराव, सूचक अमुक, अनुमोदक तमुक, आणि शेवटी ठराविक शब्द : सर्वानुमते मंजूर. मोजमाप पुस्तकात शाखा अभियंत्याची सही आहे, ग्रामसेवकाने देयक तयार केले आहे, ठेकेदाराच्या जागी एका मजूर सहकारी संस्थेचे नाव आहे. सर्व कागद नियमास धरून. गावातल्या कोणालाही विचारा, तो सांगेल की संस्थेच्या सभासदांपैकी निम्मे एकाच भावकीतले आहेत, खडी व वाळू सूचकाच्या मेहुण्याच्या गाडीने आली, आणि काम ‘त्यांचेच’ आहे. ठेकेदारीची कामे मजूर संस्था, सुशिक्षित बेरोजगार अभियंते आणि खुली निविदा यांत ठराविक हिश्शाने वाटण्याचे शासनाचे धोरण हेतूने उत्तम होते; हातावर पोट असलेल्याला काम मिळावे म्हणून ते केले गेले. परंतु ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ खालील स्पष्टीकरणात, सहकारी संस्थेत भाग असणे हे अपात्रतेचे कारण धरू नये, असे म्हटले आहे. निवडून आलेल्यास जे स्वतःच्या नावे करता येत नाही, ते संस्थेच्या नावे करण्यास ही पळवाट उघडी आहे, आणि ती लोकप्रतिनिधित्व कायद्यातील अपवादाचीच सख्खी बहीण आहे.

चारा छावणीचे उदाहरण याहून नाजूक आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात आणि पुन्हा २०१९ मध्ये या भागात छावण्या उघडल्या, तेव्हा शेतकऱ्याने दावणीची जनावरे घेऊन माणसांसह छावणीत मुक्काम केला. छावणी चालवावयाची तर दररोज हजारो जनावरांचा चारा, पेंड, पाणी यांचा खर्च आधी पदरचा करावा लागतो आणि सरकारी अनुदान मागाहून मिळते. एवढी ऐपत असते ती कारखान्याची, दूध संघाची, पतसंस्थेची, म्हणजे पुन्हा ज्यांच्या प्रमुखपदी लोकप्रतिनिधी वा त्यांचे निकटवर्ती आहेत अशा संस्थांची. त्यांनी पुढाकार घेतला नसता तर जनावरे मेली असती, हे मी पूर्ण आदराने लिहितो. पण छावणीला मंजुरी मिळवून देणारा, छावणी चालविणारा, जनावरांची हजेरी तपासणाऱ्या अधिकाऱ्यावर वजन असणारा आणि पुढील निवडणुकीत त्याच शेतकऱ्याचे मत मागणारा, हे चौघे एकच असतील, तर त्या शेतकऱ्याने तक्रार कोणाकडे करावी? हितसंबंधांवरील मर्यादा ही चोर पकडण्याची युक्ती नव्हे. आश्रिताला नागरिक म्हणून उभे राहण्यास जागा करून देणे, हे तिचे खरे प्रयोजन आहे, आणि या ग्रंथाला सांगावयाची मुख्य गोष्ट तीच आहे.

न्यायालयांनी या प्रश्नात काय केले, हेही नवख्या वाचकास ठाऊक असावे. साताऱ्यात जन्मलेले न्यायमूर्ती प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर सरन्यायाधीश असताना सर्वोच्च न्यायालयापुढे वऱ्हाडकडील नगरपालिका कायद्याखालचे एक प्रकरण आले. त्यात, कारभाराची शुद्धता हा अशा कलमांचा हेतू असला तरी नुसते नाते म्हणजे हितसंबंध नव्हे, पैशाचा धागा दाखविला पाहिजे, असे तत्त्व ठरले. पुढे २०१२ मध्ये गोव्यातील एका पंचायत सदस्येच्या पतीने पंचायतीचे कंत्राट घेतले होते, तेव्हा गोव्यात चालू असलेल्या पोर्तुगीज नागरी संहितेप्रमाणे पतिपत्नींची मालमत्ता समाईक असते, म्हणून पत्नीचा अप्रत्यक्ष आर्थिक हितसंबंध सिद्ध होतो, असा निर्णय झाला. तोच न्याय सांगलीच्या पतिपत्नींना आपोआप लागू पडेल असे म्हणता येत नाही, कारण येथील मालमत्तेचा कायदा निराळा आहे. चूल एक असते आणि तरीही कायद्याच्या दृष्टीने खिसे दोन असतात. आपल्या ग्रामपंचायत अधिनियमाखाली सरकारी जमिनीवरील अतिक्रमणाच्या बाबतीत मात्र, कुटुंबाने केलेल्या अतिक्रमणाचा उपभोग घेणारा सदस्यही अपात्र ठरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये महाराष्ट्राच्याच एका प्रकरणात सांगितले. म्हणजे गायरानातल्या झोपडीसाठी अवघे कुटुंब जबाबदार, आणि लाखोंच्या कंत्राटासाठी ज्याचे नाव तोच. ही विषमता गरिबाच्या विरुद्ध जाते, आणि विधिमंडळाने ती दूर केली पाहिजे.

उमेदवारांच्या मालमत्तेची शपथपत्रे २००२-०३ च्या निर्णयांपासून आली, २०१८ मध्ये उत्पन्नाचे स्रोतही सांगणे सर्वोच्च न्यायालयाने आवश्यक ठरविले. ही मोठीच प्रगती होय. परंतु शपथपत्र निवडणुकीच्या वेळी एकदा भरले जाते, आणि हितसंबंध निर्माण होतात ते निवडून आल्यानंतरच्या पाच वर्षांत. १९७२ पासून राज्यात लोकायुक्त आहेत. सदस्याच्या अपात्रतेसाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. तथापि अर्जदाराला पुरावा स्वतः जमवावा लागतो, निकालास विलंब लागतो, आणि बहुधा हा अर्ज पराभूत गटाकडूनच होतो, म्हणून त्याला सुडाचा वास येतो. शुद्धतेचे कलम गटबाजीचे हत्यार होऊन बसते.

आज हा विषय तातडीचा का झाला, याचे उत्तर गावच्या बँक खात्यात आहे. २०१५ पासून वित्त आयोगाचा निधी थेट ग्रामपंचायतीच्या खात्यावर येऊ लागला. २०१९ पासून जलजीवन योजनेची कामे गावोगाव निघाली. टेंभू उपसा सिंचन योजनेचे पाणी माणदेशात पोचल्यावर कालवे, चाऱ्या, बंदिस्त नलिका यांची कामे आणि त्यांच्या आसपासच्या जमिनींचे भाव दोन्ही वाढले. ज्या पंचायतीच्या हाती दिवाबत्ती आणि घरपट्टी यांपलीकडे फारसे काही नव्हते, तिच्याकडे आता खर्चाचे खरे अधिकार आले आहेत. अधिकार वाढले आणि मर्यादेचे कलम मात्र १९५८ चे राहिले.

प्रस्तुत ग्रंथ कोणा व्यक्तीवर दोषारोप करण्यासाठी लिहिलेला नाही, आणि ज्यांना तसा मजकूर हवा असेल त्यांची निराशा होईल. मूळ कायद्यांची कलमे, न्यायनिर्णय, औंधची घटना आणि परदेशांचे अनुभव यांचा अर्थ सामान्य मराठी वाचकाला, विशेषतः नव्याने निवडून आलेल्या सदस्यांना, उलगडून सांगावा, हा त्याचा पहिला हेतू होय. आरक्षणामुळे प्रथमच सभागृहात आलेल्या भगिनींपैकी कित्येकींना घरच्या पुरुषांनी केलेल्या व्यवहारामुळे आपले पद धोक्यात आहे हे नोटीस आल्यावरच कळते, त्यांना ते आधी कळावे ही इच्छा त्यात विशेष आहे. दुसरा हेतू एका निश्चित भूमिकेची मांडणी हा आहे. सहकारी संस्थेच्या सामान्य सभासदाला असलेली सूट कायम ठेवून तिच्या अध्यक्षाची व संचालकांची सूट काढून घ्यावी. एकत्र राहणाऱ्या कुटुंबाचा लाभ हा सदस्याचाच लाभ मानावा. हितसंबंधांची नोंद दरवर्षी व्हावी व ती गावच्या फलकावर लागावी. संबंधित विषयाच्या वेळी सदस्याने सभा सोडावी आणि तो सभा सोडून गेला हे इतिवृत्तात लिहिले जावे. आणि हे सर्व ज्यांच्याकडून मागावयाचे त्यांना त्यांच्या वेळेचा योग्य मोबदला मिळावा. यांपैकी शेवटची गोष्ट बहुतेक सुधारकांना अप्रिय असते. मला ती अपरिहार्य वाटते.

तज्ज्ञ वाचकास कायद्याच्या विवेचनात काही ठिकाणी अतिसुलभीकरण वाटेल. ते पत्करले आहे, कारण हा ग्रंथ वकिलाच्या कपाटापेक्षा पंचायतीच्या टेबलावर असावा अशी इच्छा आहे. वाचकांना माझी विनंती एवढीच, की येत्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट किंवा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेस त्यांनी जावे, वर्षभरात कोणत्या कामाचे देयक कोणत्या संस्थेला मिळाले त्याची यादी वाचून दाखविण्याची मागणी करावी, त्या संस्थांच्या संचालकांची नावे विचारावी, आणि आपली मागणी व तिला मिळालेले उत्तर इतिवृत्तात नोंदवून घेतल्यावाचून घरी परतू नये.